खारपाणपट्ट्यातून नागपूर: पीएच.डी.च्या पगारी जागेसाठी तीन दिवस

नवतप्यात, मेअखेरच्या कडक उन्हात, नागपूरला कोणी हौसेनं जात नाही. माझी मुलाखत २८ मेला होती, म्हणून गेले. जमीन वापराच्या एका संशोधन प्रकल्पात कनिष्ठ संशोधकाची जागा निघाली होती. महिन्याला पगार, आणि त्याच विषयावर पीएच.डी. करण्याची मुभा. आमच्या भागातली दोघं-तिघं पोरं अशाच जागांच्या मागे आहेत, म्हणून सगळं सविस्तर लिहितेय.

मी दर्यापूर तालुक्यातली. आमची अकरा एकर पूर्णा नदीच्या खारपाणपट्ट्यात, म्हणजे जमिनीखालचं पाणी खारं असलेल्या भागात येते. माती काळी आणि भारी. उन्हाळ्यात भेगांत हात मनगटापर्यंत जातो. विहिरीला पाणी आहे, पण ते ओलिताला चालत नाही. खरिपात मूग नाहीतर कपाशी, मुगामागून ओलीवर हरभरा, एवढंच. अमरावती विद्यापीठातून भूगोलात एम.ए. केलं, तेव्हापासून एकच प्रश्न डोक्यात आहे: या जमिनीवर काय घ्यावं, हे जमिनीकडे बघून कोण ठरवतं?

पहिला दिवस

अमरावतीहून नागपूरला येणारी एसटी वाडीवरून, अमरावती रोडनं शहरात शिरते. राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण आणि भूमी उपयोग नियोजन ब्युरो, ज्याला सगळे एनबीएसएस म्हणतात, याच रस्त्यावर आहे. लिंबूवर्गीय फळांची केंद्रीय संशोधन संस्थाही याच रस्त्याला. तेव्हा गणेशपेठच्या स्टँडपर्यंत जाऊन परत उलटं येऊ नका. अमरावतीला बसतानाच कंडक्टरला सांगून ठेवा आणि वाडी मागे पडली की दाराशी या.

मुलाखत इथे नव्हती. मी इथल्या एका शास्त्रज्ञ मॅडमना भेटायला आले होते. त्यांना मी दोन मेल केले होते. पहिल्यात लिहिलं, 'कोणत्याही विषयावर काम करायची तयारी आहे.' उत्तर आलं नाही. महिन्याभरानं दुसरा लिहिला, आठ ओळींचा: आमचं शेत कुठे आहे, वरच्या धुऱ्याकडे हरभरा बरा होतो आणि खालच्या चार एकरांत पावसाचं पाणी आठ-आठ दिवस तुंबतं, हे का? त्याला दुसऱ्याच दिवशी उत्तर आलं. मार्गदर्शकाला मेल लिहिणाऱ्यांना मी हेच सांगेन. स्वतःची तयारी कमी सांगा, प्रश्न नीट सांगा.

मॅडमनी दीड तास दिला. खालच्या चार एकरांतली दोन ढेकळं मी डब्यात नेली होती. त्यांनी काचेच्या दोन ग्लासांत पाणी घेतलं, एकात डिस्टिल्ड आणि दुसऱ्यात मी बाटलीत नेलेलं आमच्या विहिरीचं. दोन्हींत एकेक खडा सोडला. डिस्टिल्ड पाण्यातल्या खड्याभोवती थोड्या वेळानं दुधासारखा ढग पसरू लागला. विहिरीच्या पाण्यातला खडा फुटला, पण पाणी नितळच राहिलं.

"आता सांगा, का?" त्या म्हणाल्या. मला सांगता आलं नाही.

मग त्यांनी समजावलं. आपल्या कोरड्या हवामानात मातीत चुनखडी तयार होत राहते. त्यात कॅल्शियम अडकतं आणि मातीच्या कणांवर सोडियमचा वाटा वाढतो. सोडियम जास्त झालं की चिकणमातीचे कण पाण्यात एकमेकांपासून सुटतात, बारीक छिद्रं बुजतात आणि पाणी खाली झिरपत नाही. विहिरीच्या पाण्यात क्षार असतात, ते कणांना धरून ठेवतात, म्हणून ते पाणी गढूळ झालं नाही. पावसाच्या पाण्यात क्षार नसतात. म्हणजे आमच्या खालच्या शेतात पाणी तुंबतं ते पावसाच्या गोड पाण्यानंच. पुस्तकांत चोपण, म्हणजे सोडियमनं बिघडलेल्या जमिनीची रेषा विनिमयक्षम (मातीच्या कणांना चिकटलेलं) सोडियम १५ टक्के अशी दिलेली असते. पूर्णा खोऱ्यातल्या मातीचा निचरा त्याहून बऱ्याच कमी प्रमाणालाच बिघडतो. जिप्सम घातलं की त्यातलं कॅल्शियम सोडियमची जागा घेतं, पण सुटलेल्या सोडियमला वाहून जायला वाट नसेल तर ते तिथेच राहतं.

बाबा आजवर म्हणत आले, "वावर खारं झालं, आता त्याले काय करता!" त्या दिवशी मला पहिल्यांदा त्याचं कारण कळलं. बाहेर आले तेव्हा ऊन डोळ्यांत खुपत होतं आणि मला त्याचं काही वाटत नव्हतं.

दुसरा दिवस, पैशाचा

मुक्काम मावशीकडे होता. नातेवाईक नसतील तर सीताबर्डीजवळ खोली बघा. मेट्रोच्या दोन्ही मार्गिका तिथेच मिळतात. डिसेंबरात विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन असलं की खोल्या मिळत नाहीत, आणि दसऱ्याला दीक्षाभूमीवर लाखो लोक येतात. त्या तारखांना मुलाखत असेल तर आधीच सोय करा.

हा दिवस मी शिष्यवृत्तीच्या चौकशीत घालवला, कारण मागच्या वर्षी इथेच चुकले. प्रवेश आणि पैसा या दोन वेगळ्या रांगा आहेत, हे मला माहीत नव्हतं. यूजीसी नेट या परीक्षेत मला जेआरएफ (कनिष्ठ संशोधकांची केंद्राची शिष्यवृत्ती) मिळाली नव्हती, पण पीएच.डी. प्रवेशासाठी पात्र ठरले होते. त्या प्रवेशात नेटच्या गुणांना ७० टक्के आणि मुलाखतीला ३० टक्के वजन असतं, आणि ते गुण एकच वर्ष चालतात. मी वर्षभर मार्गदर्शक शोधलाच नाही आणि गुण वाया गेले. नंतर कळलं की एका वेळी प्राध्यापकाकडे आठ, सहयोगी प्राध्यापकाकडे सहा आणि सहायक प्राध्यापकाकडे चारच विद्यार्थी असू शकतात. चांगल्या मार्गदर्शकांकडे जागा नसते ती यामुळे. निकालाची वाट न बघता शोध सुरू करा.

जेआरएफला २०२३ पासून महिना ३७,००० रुपये मिळतात, दोन वर्षांनी एसआरएफ (वरिष्ठ शिष्यवृत्ती) झालं की ४२,०००. घरभाडे भत्ता वेगळा. जेआरएफ नसेल तर शिष्यवृत्ती देणाऱ्या राज्याच्या संस्था बघा: अनुसूचित जातींसाठी बार्टी, मराठा-कुणबी समाजासाठी सारथी, इतर मागासवर्ग, भटक्या-विमुक्त आणि विशेष मागास प्रवर्गासाठी महाज्योती. महाज्योतीचं मुख्यालय नागपुरातच आहे. एका वेळी एकच शिष्यवृत्ती घेता येते. जातीचा दाखला, वैधता प्रमाणपत्र, नॉन-क्रीमीलेयर हे जाहिरात येण्याआधी हातात हवं. माझ्या दहावीच्या सनदेवर आणि आधारवर नावाचं स्पेलिंग वेगळं निघालं. त्याचं प्रतिज्ञापत्र करायला अर्धा दिवस गेला.

तिसरा दिवस

सकाळी तर्री पोहे टाळले, दहीभात खाऊन निघाले. या उन्हात पोट बिघडलं तर सगळंच गेलं. दोन लिटर पाणी, दुपट्टा, मूळ कागदपत्रं आणि सत्यप्रतींचे दोन संच. मुलाखत दहाची होती, माझा नंबर दीडला लागला. कूलर होता, पण रांगेच्या एका टोकाला.

समोर चौघं होते. भूमी क्षमता वर्गीकरणाचे वर्ग विचारले: आठ, पहिले चार शेतीयोग्य. सेंटिनेल-२ उपग्रहाच्या प्रतिमेतला एक ठिपका किती मीटरचा? १० मीटर. मग एका सरांनी कागद पुढे केला, "तुमच्या गावाचा नकाशा काढा." मी नदी, गावठाण, पांदण, वरची आणि खालची जमीन काढली. "इथे जमीन वापर कसा मोजाल?" मी सांगितलं, उपग्रहाचं चित्र घेईन, सातबाऱ्यावरचा पीकपेरा घेईन, २०२१ पासूनची ई-पीक पाहणी घेईन, आणि तिन्ही जिथे जुळत नाहीत त्या गटांत जाऊन खड्डा खणेन. दुसऱ्या सरांनी विचारलं, "खारं पाणी दिलं तर चोपण जमिनीत ते आधी बरं मुरतं आणि पावसात तुंबतं. का?" दोन ग्लास डोळ्यांसमोर आले. उत्तर देताना आवाज थरथरला, पण चुकलं नाही.

शेवटी "काही विचारायचंय?" म्हणतात तेव्हा नाही म्हणू नका. मी तीन गोष्टी विचारल्या. प्रकल्पाचे किती महिने उरलेत? पीएच.डी. कोणत्या विद्यापीठात नोंदवता येईल? आणि क्षेत्रभेटींचा खर्च कोण करतं? पीएच.डी.ला कमीत कमी तीन वर्षं लागतात, सहापर्यंत जाऊ शकतात. इथे प्रकल्पाचे एकतीस महिने उरले होते. म्हणजे नोंदणी पहिल्याच सत्रात झाली पाहिजे आणि शेवटच्या काळासाठी दुसरा पैसा आतापासून शोधला पाहिजे. हे कळलं म्हणूनच मी होकार देऊ शकले.

निवडीचा मेल नवव्या दिवशी आला. मी कागदपत्रं लावत असताना बाबांनी फोटो पाठवला. पहिला पाऊस झाला होता, खालच्या वावरात पाणी साचलं होतं, दुधासारखं गढूळ. मी फोन करून त्यांना म्हटलं, त्यातल्या दोन बाटल्या भरून ठेवा, आणि वरच्या धुऱ्याजवळच्या पाण्याची एक. प्रत्येकीवर तारीख टाका.

"पाण्यावर तारीख कायले टाकू वं?" ते म्हणाले. पण टाकली.