तेविसावी

बुधवार, १६ ऑगस्ट २०२३
रात्रीचे साडेदहा

एकोणतीस कविता व्हायला हव्या होत्या. अठ्ठावीसच भरल्या.

तीनदा मोजल्या. वहीत एकोणीस, मोबाइलमध्ये सात, लाइट बिलाच्या पाठीवर एक आणि साडीच्या दुकानाच्या कागदी पिशवीवर एक. काल पंधरा ऑगस्ट, आज पारशी नववर्ष, बँकेला लागून दोन सुट्ट्या मिळाल्या म्हणून सगळ्या एका वहीत तारखेवार उतरवायला बसले होते. आठ ऑगस्ट आहे, दहा आहे. नऊ नाही.

नऊ म्हणजे अधिक महिन्याचा तेविसावा दिवस, माझे डोळे आले होते तो. त्या पंधरवड्यात सगळ्या गावाचेच आले होते. लेडीज डब्यात निम्म्या बायका काळे चष्मे लावून बसलेल्या, जशा काही सगळ्या शूटिंगला निघाल्यात. बँकेतून फोन, डोळे आलेत तर येऊ नका. मी घरी, डोळ्यांवर ओला रुमाल. रात्री चिऊला जवळ बसवलं आणि म्हटलं, मी बोलते, तू लिही. तिनं कुठलासा सुटा कागद घेतला. मी बोलले, तिनं लिहिलं. इथवर सगळं स्वच्छ आठवतंय. काय बोलले त्यातलं एक अक्षर आठवत नाही.

बाकीच्या वाईट असूनही पाठ आहेत, हे विशेष. दुसऱ्या दिवशीची तर झोपेतही म्हणून दाखवीन:

दारातल्या बाईच्या छत्रीतून
माझ्या पावलावर ठिबकतंय
बदलापूरचं पाणी.

त्या दिवशी पावसानं गाड्यांचे बारा वाजवले होते आणि मी डोंबिवलीहून निघून मुलुंडपर्यंत एका पायावर उभी होते. त्यात कवितेपेक्षा पायच जास्त आहे. पण ती राहिली. टोमॅटोवर दोन झाल्या (किलोला शंभराच्या वर गेल्यावर कोण गप्प बसेल), त्याही राहिल्या. कुकरच्या शिट्टीवरची राहिली, जिच्यात मी ‘वाफ’ला ‘माफ’ जुळवलंय. आणि ही एकच गेली. ही बरी होती, असं मला सारखं वाटतंय. हरवलेली होती म्हणून बरी वाटतेय, हे कळतंय. तरीही.

खरं तर मला हे बघायचंय की मी कशासाठी एवढी अस्वस्थ आहे. कवितेसाठी, की आकड्यासाठी?

आमच्याकडे कॉम्प्युटर पुरते रुळायच्या आधी दिवसाचा मेळ बसल्याशिवाय कोणी घरी जायचं नाही. एका रुपयाच्या फरकासाठी रात्री नऊपर्यंत बसलेली माणसं मी पाहिली आहेत. मी नवी होते, म्हटलं खिशातला रुपया टाकते, सुटू या. आमचे तेव्हाचे हेडकॅशियर असे बघायला लागले की जशी मी तिजोरी फोडायला निघाले होते. म्हणाले, बाई, रुपया दिसतोय म्हणून रुपयाचाच फरक आहे असं समजू नका. हजाराची चूक इकडे आणि नऊशे नव्व्याण्णवची तिकडे, दोघी एकमेकींना झाकून बसलेल्या असतात.

तर तेव्हापासून मला एकाचा फरक पचत नाही.

नेमाची कल्पनाही अशा हिशेबातूनच आली. अधिक श्रावण लागायच्या आदल्या रात्री आई कापूस घेऊन बसल्या होत्या. महिनाभर रोज तेहेतीस वाती. मी सहज विचारलं, अधिक महिना येतो तरी कसा, आणि त्यांनी सांगितलं तेही सहजच. चंद्राचं वर्ष ३५४ दिवसांचं, सूर्याचं ३६५. दर वर्षी अकरा दिवसांची तूट. ती साठत जाते आणि बत्तीस-तेहेतीस महिन्यांनी एक अख्खा महिना घालून मेळ बसवावा लागतो. मी म्हटलं, म्हणजे हे आमचं सस्पेन्स खातं झालं की! जो फरक कुठल्याच खात्यात बसत नाही तो तिथे नेऊन ठेवायचा. आईंना खातं कळलं नसावं, पण हसल्या. मग मी बोलून गेले, या महिन्यात मी रोज एक कविता करीन. कॉलेजनंतर एक ओळ लिहिली नव्हती. आई वात वळता वळता म्हणाल्या, ‘‘कर की. नेम कशाचाही चालतो. मोडायचा मात्र नाही.’’

हे शेवटचं वाक्य त्यांनी बोलायला नको होतं.

तिसऱ्या दिवशीच मोडत होता. आदल्या रात्री इर्शाळवाडीवर दरड आली होती. माणसं झोपेत होती. मी पावसावर चार ओळी करून ठेवल्या होत्या, चांगल्या गडगडणाऱ्या. सकाळी बातमी पाहिली आणि वही उघडायची लाज वाटली. त्या तारखेच्या पानावर चार ओळी खोडलेल्या आहेत आणि खाली एक आहे. तीच मोजली. तिच्याबद्दल काही लिहायचं नाही.

सतराव्या दिवशी ना. धों. महानोर गेले. गाडी ठाण्यात उभी असताना मोबाइलवर कळलं. समोरची बाई, जी तीन वर्षांत ‘सरका जरा’ याच्यापलीकडे माझ्याशी बोललेली नाही, तिनं पिशवीतून मेथी काढली, निवडायला घेतली आणि अगदी हळू त्यांचं एक सिनेमातलं गाणं गुणगुणायला लागली. कुर्ल्यापर्यंत मेथी आणि गाणं दोन्ही चाललं होतं. पळसखेड्याच्या शेतात राबून लिहिणारा माणूस. त्याला हा श्रोता आवडला असता. त्या दिवशी माझ्याच्यानं काही होईना. रात्री पावणेबाराला कसंबसं काहीतरी झालं. वाचून बघितलं, त्यांचंच होतं, पाणी घालून वाढवलेलं. पण मोजलं. मोजायला मी कधी चुकले नाही.

तर तेविसावी.

दुपारपासून घर उलटंपालटं केलं. चिऊचं दप्तर, रद्दी, गादीखाली, फ्रिजवरच्या टोपलीत. नवरा म्हणाला, काय हरवलंय? म्हटलं, कागद. म्हणाला, कसला, महत्त्वाचा? यावर काय उत्तर देतात? मी ‘नाही’ म्हटलं आणि मग त्याच ‘नाही’वर तासभर चिडले. तो बिचारा पेपर वाचत बसला. वीस-बावीस वर्षं दुसऱ्यांचे आकडे जुळवते आहे. घरातले डबे, गोळ्या, फिया, कोणाची कुठली परीक्षा, सगळं डोक्यात. जे एक माझं म्हणून केलं त्याला साधा एक कागद पुरला नाही. असं बरंच काही मनात बोलले. भांडी जरा जोरात लावली. कोणी विचारलं नाही.

चिऊला तिसऱ्यांदा विचारलं.

‘‘काही तरी आठव ना गं.’’

‘‘टाकी होती त्यात.’’

‘‘कसली टाकी?’’

‘‘वरची. भरून वाहते ती. तू म्हणालीस, डोळे मिटले की टाकीचा आवाज जवळ येतो. का लांब जातो? काहीतरी एक म्हणालीस.’’

‘‘आणि?’’

‘‘आणि गॅस बारीक कर.’’

‘‘ते तुला सांगितलं होतं!’’

‘‘मला काय माहीत? मला वाटलं कवितेत आहे. मी लिहिलं.’’

‘‘आणि गॅस?’’

‘‘आजीनं केला. शेवटी तू म्हणालीस एवढंच. मी तेपण लिहिलं.’’

पुढे तिला आठवत नाही. तिला एवढं आठवतंय हेच जास्त. मला तर टाकीही आठवत नव्हती.

मग बहिणाबाई आठवल्या. कोणीही म्हणेल, झालं, आता हिला बहिणाबाई आठवल्या. पण आठवल्या. त्यांना कुठे लिहिता येत होतं? जात्यावर, शेतात, जे आलं ते म्हटलं. घरातल्यांनी जेवढं टिपलं तेवढं उरलं. त्या १९५१ साली गेल्या, पुस्तक त्यानंतरच्या वर्षी आलं. म्हणजे छापलेलं पान त्यांनी हातात धरलंच नाही. टिपणारं कोणी जवळ नसताना किती गेलं असेल? आणि त्यांना संध्याकाळी आठवत असेल का, सकाळी आपण काय म्हटलं ते? की ते दळण होतं, सकाळचं सकाळी संपलं? अर्थात त्यांचं हरवलं ते मराठीचं नुकसान. माझ्या हरवण्यानं फार तर ‘वाफ’ला ‘माफ’ जुळवणारी एक बाई एका कवितेनं कमी झाली.

संध्याकाळी आईंनी मला गॅसचं सिलिंडर ओढून त्याच्या मागे बघताना पकडलं. सांगावंच लागलं. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, ‘‘पांढरा कागद होता का, मोठा? एका बाजूला गणितं?’’

चिऊचा पाठकोरा कागद. हो.

‘‘अगं, तो मी डब्याच्या तळाशी घातला बहुतेक. वन्संच्या.’’

वन्संच्या म्हणजे माझ्या वन्संच्या. रविवारी जावईबापूंचं वाण घेऊन आम्ही ठाण्याला गेलो होतो. तेहेतीस अनारसे. त्यांचं रामायण वेगळंच आहे. तीन दिवस तांदूळ भिजवून, वाळवून, दळून, गूळ घालून पीठ मुरवलं आणि पहिला घाणा तुपात हसला. हसला म्हणजे सोडल्या सोडल्या फुटून कढईभर पसरला. आईंनी शांतपणे पिठात कोरडं तांदळाचं पीठ मिसळलं आणि पुन्हा थापायला घेतलं. मी तेव्हा शेजारी उभी राहून मनात म्हणत होते, माझ्याही चार-पाच अशाच हसल्या आहेत, त्यांच्यात काय मिसळायचं? त्यावर चोविसावी झाली. बरी झालीय ती.

आईंनी अनारसे चार वेळा मोजले होते. बत्तीसच भरत होते. एक चिऊनं खाल्ला होता. मी म्हटलं, राहू द्या ना आई, कोण मोजतंय? त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला हेडकॅशियर आठवले. मग म्हणाल्या, बत्तासा ठेवते. जाळी असली म्हणजे झालं. बत्तीस अनारसे आणि वर एक बत्तासा, असं वाण गेलं. मला तेव्हा त्यांचं हसू आलं होतं.

वन्संना फोन केला. म्हटलं, डब्याच्या तळाशी एक कागद होता.

‘‘होता ना. पार तुपकट झाला होता, टाकला मी. का गं वहिनी, काही होतं का त्यात? मी बघितलं एकदा, वाटलं सामानाची यादी आहे.’’

सामानाची यादी.

मी ‘काही नाही हो’ म्हटलं, मग मुलांची चौकशी केली, फोन ठेवला आणि ओट्यापाशी उभी राहून हसत सुटले. तेही अनारशासारखंच, कढईभर. टाकी, गॅस, एवढंच. यादीच की ती! या महिन्यात माझं घराबाहेर वाचलं गेलेलं एकच लिखाण, आणि वाचणाऱ्या बाईनं ते इतकं नीट वाचलं. एकीनं मेथी निवडत महानोर म्हणायचे आणि एकीनं अनारशाखालची यादी वाचायची. आमच्या डब्यातला आणि डब्याखालचा काव्यव्यवहार.

मागचा अधिक श्रावण २००४ साली आला होता. आमच्या लग्नाला वर्ष झालं होतं. तेव्हाचे तेहेतीस अनारसे माझ्या आईनं केले होते, एकटीनं, आणि स्टीलच्या डब्यात तळाशी तिनं काय घातलं होतं ते मी पाहिलं नाही. वाढून घेतले, डबा घासून परत दिला. तिलाही लिहायची सवय होती, हिशेबाच्या वहीत, मागच्या बाजूनं. जाऊ दे.

वहीत नऊ ऑगस्टचं पान सोडलंय. वर ‘तेविसावी’ असं लिहिलं. खाली ‘हरवली’ लिहिणार होते, पण ते नाटकी वाटलं. आईंना सांगितलं, पान कोरं ठेवते. त्या म्हणाल्या, ‘‘कोरं कशाला, काहीतरी ठेव ना त्या जागी.’’

‘‘काय ठेवू?’’

‘‘मला काय विचारतेस? बत्तासा तुझा तू शोध.’’

आणि झोपायला गेल्या. त्यांच्या वाती सकाळीच पूर्ण झाल्या आहेत.

हे लिहिता लिहिता अकरा वाजून पन्नास झाले. तिसावी अजून व्हायचीच आहे. उद्या निज श्रावण, कांदा-लसूण बंद, आणि बँकेत दोन सुट्ट्यांची गर्दी. मटकी भिजत घातली का? घातली. चिऊच्या वहीवर सही राहिलीय.

वरची टाकी वाहायला लागलीय. वॉचमनला झोप लागलेली दिसते. आवाज जवळ आहे की लांब, ते डोळे मिटून बघितलं. कळलं नाही. बंद करायला सांगून येते.