नीतिशतक समश्लोकी, नोंद ७ : चौथा चरण सुटला, मग पुन्हा अडला, मग लिहितानाच सुटला

मंडळी, भर्तृहरीच्या नीतिशतकातला ‘लभेत सिकतासु’ हा श्लोक मराठीत समश्लोकी, म्हणजे मूळच्याच वृत्तात, आणत होते, तो पूर्ण झाला. मागच्या नोंदीत तीन चरण दिले होते आणि चौथ्यासाठी आठवडाभर मागितला होता. लागले सात आठवडे.

आधी तिथवरचे तीन चरण पुन्हा देते, पहिल्यात एक शब्द बदलला आहे:

निघेल मग तेलही रगडल्यास वाळू कुणी
तृषार्त पथिका मिळे मृगजळात पाणी खरे
वनात फिरता कधी गवसतील शिंगे सशा

आता तो चौथा: ‘न तु प्रतिनिविष्टमूर्खजनचित्तमाराधयेत्’, पण प्रतिनिविष्ट मूर्खाचं चित्त काही आराधता येणार नाही. सगळं घोडं ‘प्रतिनिविष्ट’पाशी अडतं. विश् म्हणजे शिरणे, निविष्ट म्हणजे आत शिरून ठाण मांडलेला, आणि वर ‘प्रति’, म्हणजे समोर, विरुद्ध. आपल्यासमोर तळ ठोकून बसलेला माणूस. वामन पंडितांनी सतराव्या शतकातल्या आपल्या मराठी अनुवादात ‘मूर्खाचें हृदय’ एवढंच ठेवलं आणि ‘प्रतिनिविष्ट’ सोडून दिला. त्यांचा ‘प्रयत्ने वाळूचे कण रगडितां तेलहि गळे’ आपल्या जिभेवर इतका बसला आहे की तो मूळ वृत्तात नाही हे माझ्याही उशिरा लक्षात आलं. मूळ श्लोक पृथ्वीत, पंडितांचा शिखरिणीत. अक्षरं दोन्हीकडे सतराच, चाल मात्र अगदी वेगळी.

का बदललं असेल, याचा माझा अंदाज असा. पृथ्वी म्हणजे ज स ज स य ल ग: तीन-तीन अक्षरांचे पाच गण, मग एक लघू (ऱ्हस्व) आणि एक गुरू (दीर्घ) अक्षर. एका अक्षराला एक घर असं आखून पाहा: सतरा घरांत दोन गुरू शेजारी शेजारी फक्त एकदाच येतात, चौदाव्या-पंधराव्या घरात, यगणात. आणि मराठीतले रोजचे शब्द? वाळू, पाणी, काटा, भांडी, सगळे गुरू-गुरू. ‘वाळूचे’ तर तीन गुरू, पृथ्वीत बसतच नाही. शिखरिणीत दुसऱ्यापासून सहाव्या घरापर्यंत सलग पाच गुरू आहेत, तिथे ‘प्रयत्ने वाळूचे’ पाय पसरून बसतं.

माझी पहिली खटपट होती ‘न हो कधि दुराग्रही’. मात्रा चोख, पण ओळ मेलेली. ‘दुराग्रही’ हा अग्रलेखातला शब्द आहे, भांडणातला नाही. ‘हट्टी’ पुन्हा गुरू-गुरू. ‘हेकट’ आवडतो, पण तो स्वभाव झाला. प्रतिनिविष्ट हा स्वभाव नाही, ती त्या वेळची बैठक आहे.

शब्द मिळाला तो आमच्या जिन्यात. ठाण्यात नौपाड्यातली आमची इमारत जुनी आहे, पुनर्विकासाची बोलणी दोन वर्षं चालली आहेत. दुसऱ्या मजल्यावरचे एक आजोबा सही देत नव्हते. बैठका झाल्या, वकील येऊन गेले. एका संध्याकाळी शेजारच्या काकू भाजीची पिशवी खाली ठेवून म्हणाल्या, ‘‘अगं, ते अडून बसलेत.’’ मी घरात येऊन चपला काढायच्या आधी वही उघडली. अडून बसणे! प्रति आणि नि-विश् दोन्ही त्यात आहेत: समोर आडवं येणं आणि बसणं.

दुसऱ्या दिवशी ट्रान्स हार्बरच्या गाडीत ऐरोली गेल्यावर ‘आराधयेत्’ही सुटलं. मराठीत आपण चित्ताची आराधना करत नाही, मन वळवतो. कोपरखैरणेला उतरेपर्यंत हे हातात होतं:

अडून बसल्या मना वळविता न आले कुणा

बोटांवर मोजलं, ‘सुसंगति सदा घडो’च्या चालीवर तीनदा म्हटलं. (नव्यांसाठी: मोरोपंतांची केकावली पृथ्वीत आहे. ती चाल घोटा, दुसरी तालीम लागत नाही.) आठव्या अक्षरावर यती, म्हणजे थांबा, ‘मना’शी ‘कुणा’चं आतलं यमक. दिवसभर कामात मन नव्हतं.

इथे हत्यारांबद्दल एक सांगून ठेवते. वृत्त तपासणाऱ्या ज्या दोन संकेतस्थळांवर मी ओळी घालते, त्या दोघांनी ही ओळ नापास केली. ती संस्कृतचा नियम लावतात: जोडाक्षराआधीचं अक्षर गुरू, म्हणून ‘बसल्या’तला ‘स’ गुरू. मराठी कान असं ऐकत नाही. ‘तुझ्या’तला ‘तु’ लघूच, कारण त्यावर आघात येत नाही. ‘बसल्या’, ‘रगडल्यास’ तसेच. मराठी ओळ यंत्राला दाखवू नका, मोठ्याने म्हणा. माझं काम आजही जांभळी नाक्यावरून आणलेल्या चौकटीच्या वहीत चालतं, एका ओळीला सतरा चौकोन, पेन्सिल आणि खोडरबर. संस्कृतसाठी आपट्यांचा कोश, मराठीसाठी मोल्सवर्थच्या कोशाची १८५७ची दुसरी आवृत्ती, याहून जास्त काही लागलेलं नाही.

तर ओळ झाली आणि मी ती पंधरा दिवस जपून ठेवली. मग आजोबांनी सही केली.

झालं असं की आजी अंथरुणाला खिळून आहेत, आणि भाड्याच्या घरात चार-पाच वर्षं काढायची तर तिथे स्ट्रेचर मावेल अशी लिफ्ट हवी, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. ते त्यांनी बैठकीत कधी बोलून दाखवलं नाही. काकू आजींना पेज द्यायला जायच्या, त्यांना ते कळलं. करारात तशा घराची अट घातली गेली, आजोबांनी चष्मा पुसून दोनदा वाचलं आणि सही केली.

मला फार आनंद झाला, आणि रात्री वही उघडली तर माझी ओळ खोटी पडलेली. ‘अडून बसल्या मना वळविता न आले कुणा’? काकूंना आलं की! भर्तृहरी असं म्हणतच नाही. तो दोन शब्द जोडतो, प्रतिनिविष्ट आणि मूर्ख, आणि दोन्ही मिळून जो माणूस होतो त्याच्याबद्दल बोलतो. नुसता मूर्ख वळतो. शतकाच्या याच भागातल्या, म्हणजे मूर्खपद्धतीतल्या, आर्या वृत्तातल्या एका श्लोकात त्याने म्हटलंच आहे, ‘अज्ञः सुखमाराध्यः’, अडाण्याला सहज वळवता येतं. नुसता अडून बसलेलाही वळतो, त्याचं कारण कुणी विचारलं तर. पंडितांनी एक शब्द गाळला, मी दुसरा. आणि खरं सांगायचं तर मला ‘मूर्ख’ गाळायचाच होता, कारण लिहिताना डोळ्यांसमोर आजोबा होते आणि त्यांना तो शब्द लावायला मन घेत नव्हतं. श्लोक त्यांच्याबद्दल नव्हता, मीच त्यांना त्यात नेऊन बसवलं होतं.

इथपर्यंत काल रात्री लिहिलं. शेवटी ‘श्लोक अर्धा मानावा, मदत हवी आहे’ असं लिहून थांबणार होते. आज सकाळी तलावपाळीला फेरी मारताना वरचे तीन चरण म्हणत होते आणि मासुंदा तलावाच्या कठड्यापाशीच थबकले. वाळू. पाणी. शिंगे. तिन्ही चरणांतली वस्तू त्याच एका जागी बसली आहे, चौदाव्या-पंधराव्या घरात! मी ते योजलं नव्हतं, वृत्तानेच करून घेतलं. मग चौथ्या चरणात त्या खिडकीत कोण हवं? मूर्खच. ‘मूर्खाला’ मावत नाही, पण ‘मूर्खास’ मावतो, गुरू-गुरू-लघू:

परी अडुन बैसल्या वळविता न मूर्खास ये

यात ‘तु’चा ‘परी’ही आला, जो आधीच्या ओळीत नव्हताच. चित्त गेलं, त्याची हळहळ आहे. ‘मन वळवणं’ हा मराठीचा खास ठेवा होता, आता नुसतं ‘वळविता’ राहिलं. तरी हीच ओळ ठेवते. यमक चारही चरणांत नाही. मूळातही नाही, म्हणून त्यामागे धावणार नाही.

पुढचा बेत बदलला आहे. त्या आर्येकडे जाणार होते, पण ‘प्रसह्य मणिमुद्धरेत्’ (मगरीच्या दाढांतून मणी ओढून काढता येईल) या श्लोकाचा चौथा चरण अक्षरशः हाच असल्याने तो आयता मिळाला, आता तोच आधी. त्यात पाठभेद आहे: मगरीच्या ‘दंष्ट्रान्तरात्’ की ‘दंष्ट्राङ्कुरात्’. शनिवारी मराठी ग्रंथ संग्रहालयात जाऊन कोसंबींनी संपादित केलेली भर्तृहरीची १९४८ची आवृत्ती मिळते का बघते. तोवर तिसऱ्या चरणाचा हा पहिला खर्डा, चिडलेला साप डोक्यावर फुलासारखा धरण्याचा:

फुलागत शिरी धरा चिडवुनी भुजंगासही

‘चिडवुनी’ चुकलंय, त्यात चिडवणारे आपणच होतो. मूळ श्लोकातला ‘कोपित’ म्हणजे आधीच चिडलेला. ‘चिडवल्या’ केलं तर? चि, ड, व, ल्या. लघू, लघू, लघू, गुरू. बसतंय.