फोटोतले अक्ष

पावसाळा सुरू झाला की त्र्यंबकेश्वरच्या रस्त्यावरून काढलेले डोंगरांचे फोटो व्हॉट्सॲपवर फिरू लागतात आणि त्यांतल्या एखाद्याखाली ‘आजचा सेन्सेक्स’ असे हमखास लिहिलेले असते. विनोद म्हणून ते ठीकच आहे. परंतु मी संख्याशास्त्र शिकवतो आणि सुटीच्या दिवशी कॅमेरा घेऊन हिंडतो, त्यामुळे असा फोटो समोर आला की यात आडव्या अक्षावर काय आहे आणि उभ्या अक्षावर काय आहे, हा प्रश्न मला आधी पडतो. उत्तर देता आले तर तो फोटो आलेख आहे. नाही तर ती नुसती वळणदार रेषा आहे. गंमत अशी, की डोंगराची कडा या कसोटीला उतरते. आडव्या अक्षावर दिशा घ्यावी आणि त्या दिशेला डोंगरमाथा क्षितिजापासून किती अंश वर दिसतो ते उभ्या अक्षावर घ्यावे, म्हणजे अंजनेरी आणि ब्रह्मगिरी यांची रेषा हा एक चोख आलेख ठरतो. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यासारखा आत वळलेला कडा बाजूने टिपला, तर मात्र एकाच दिशेला एकापेक्षा अधिक उंची मिळतात आणि फलनाची, म्हणजे प्रत्येक आडव्या मूल्याला एकच उभे मूल्य ही, व्याख्याच मोडते. डोंगराच्या या आलेखात काळ कोठेच नाही, एवढीच सेन्सेक्सवाल्यांची अडचण आहे.

अशा दृष्टीने पाहू लागल्यावर मला सर्वांत मोलाचे वाटतात ते झिजेचे फोटो. जुन्या नाशकातील एका वाड्यात भिंतीच्या पोटातून वर जाणारा अरुंद लाकडी जिना आहे आणि आधारासाठी वरून दोर सोडलेला आहे. पायरीच्या कडेच्या पातळीवर कॅमेरा ठेवून, पायरीवर एक सरळ पट्टी आडवी टेकवून फोटो काढला, की पट्टी आणि लाकूड यांच्यामधली फट स्पष्ट दिसते. ही फट म्हणजे वारंवारतेचा उलटा टांगलेला आयतालेख (हिस्टोग्राम) होय: आडव्या अक्षावर पायरीवरील जागा आणि खाली जाणाऱ्या अक्षावर त्या जागी किती पावले पडली त्याची नोंद. वरच्या पायऱ्यांवर खोलगा एकच आहे, पण तो मध्यभागी नसून दोराच्या बाजूला सरकलेला आहे, कारण दोर धरणारा माणूस त्याच बाजूला झुकतो. सर्वांत खालच्या पायरीवर मात्र दोन खोलगे आहेत. एक दिंडी दरवाजाकडून येणाऱ्यांचा आणि दुसरा, थोडा उथळ, मागच्या चौकाकडून येणाऱ्यांचा. त्या वाड्यात आज फारसे कोणी राहत नाही, तरी पूर्वी तेथे कोण कोठून कोठे जात असे हे त्या लाकडावरून वाचता येते. मधल्या एका पायरीवर खोलग्याच्या तळाशी बोटभर उंचवटा आहे. तेथे पाय कमी पडले असे मानण्याचा मोह होतो; प्रत्यक्षात ती लाकडातली गाठ आहे आणि गाठ बाकीच्या लाकडापेक्षा कठीण असते.

या आलेखात आणखी एक खोच आहे. आयतालेख वाचताना आपण धरून चालतो, की प्रत्येक नोंद आधीच्या नोंदींपासून स्वतंत्र आहे. पायरीच्या बाबतीत तसे नाही, कारण एकदा खोलगा पडला की पुढचे पाऊल आपसूकच त्यात पडते, म्हणजे आलेख स्वतःच पुढच्या नोंदी आपल्याकडे ओढून घेतो. त्यामुळे असे खोलगे शुद्ध योगायोगाने तयार होणाऱ्या घंटाकृती वक्रापेक्षा अरुंद आणि खोल असणार. घाटावरच्या रुंद दगडी पायऱ्यांत हे इतके स्वच्छ दिसत नाही. तेथे माणसे हवी तशी पसरतात आणि पूरही आपला वाटा उचलतो.

पुराचा विषय निघाला की नाशिककराला दुतोंड्या मारुती आठवल्याखेरीज राहत नाही. गंगापूर धरणातून विसर्ग वाढला की रामकुंडाजवळच्या या मारुतीच्या गुडघ्याला पाणी लागले, कमरेला लागले, छातीपर्यंत आले अशा भाषेत शहर बोलू लागते. सराफ बाजारातल्या सरकारवाड्याच्या पायऱ्याही अशाच मोजल्या जातात. ही मोजपट्टी क्रम बरोबर सांगते, पण तिचे भाग समान नाहीत. गुडघ्यापासून कमरेपर्यंतची चढ आणि कमरेपासून छातीपर्यंतची चढ एकच नव्हे. शिवाय एका फोटोत एकच वाचन मिळते आणि एका वाचनाचा आलेख होत नाही. एकाच जागेवरून, एकाच चौकटीत, तासातासाने काढलेले फोटो शेजारी शेजारी लावले, तर मात्र आडवा अक्ष आपोआप काळाचा होतो. कोरड्या दिवसांत मारुतीशेजारी मोजकाठी उभी करून एक फोटो काढून ठेवला, की शरीराच्या खुणांचे मीटरमध्ये रूपांतरही करता येते. धरणातून पाणी टप्प्याटप्प्याने सोडत असल्यामुळे अशी रेषा गुळगुळीत न चढता पायऱ्या घेत चढते. याउलट पूर ओसरल्यावर भिंतींवर उरणारी चिखलाची रेघ, मग ती १९६९ च्या पुराची असो वा २००८ च्या, फक्त कमाल पातळी सांगते. पाणी किती वेगाने चढले आणि किती वेळ थांबले हे तिला ठाऊक नसते. वर्तमानपत्रांत मात्र त्या रेघेचाच फोटो छापला जातो.

द्राक्षबागेचे उदाहरण वेगळ्या कारणासाठी सांगतो. ओझर, पिंपळगाव, दिंडोरी या भागांत वाय आकाराचे लोखंडी अँगल सरळ ओळीत, ठरावीक अंतरावर उभे असतात आणि ओळीच्या टोकाला उभे राहून काढलेला त्यांचा फोटो प्रत्येकाच्या मोबाईलमध्ये असतो. समजा, दोन अँगलमध्ये जेवढे अंतर आहे तेवढ्याच अंतरावर आपण पहिल्या अँगलपासून उभे आहोत आणि कॅमेरा ओळीच्या दिशेनेच रोखलेला आहे. छापील फोटोत पहिला अँगल ६० मिलिमीटर उंच दिसत असेल, तर दुसरा ३०, तिसरा २०, चौथा १५ आणि पाचवा १२ मिलिमीटर दिसेल, कारण चित्रातील उंची अंतराच्या व्यस्त प्रमाणात असते. हे आकडे आलेख कागदावर समान अंतराने मांडले, की आधी झपाट्याने आणि मग रेंगाळत उतरणारा अपास्त (हायपरबोला) मिळतो. आणि तरीही फोटोत अँगलची टोके एका सरळ रेषेत दिसतात! याचे कारण असे, की फोटोत अँगलची फक्त उंचीच आक्रसत नाही, ओळ दूरवर जेथे मिटताना दिसते त्या बिंदूपासूनचे त्यांचे आडवे अंतरही त्याच प्रमाणात आक्रसते. दोन्ही अक्ष एकाच हिशेबाने दबले, की वक्र सरळ होऊन बसतो. म्हणजे आलेख फोटोत आहे, परंतु पट्टी घेऊन उंची मोजल्याशिवाय तो हाती लागत नाही. मला हे उदाहरण वर्गात फार उपयोगी पडते.

विजेच्या तारांचा झोळ हा या छंदातला सर्वांचा आवडता विषय आणि माझ्या मते थोडा अवाजवी लाडावलेला. दोन टोकांना लोंबणारी साखळी अन्वस्ताच्या (पॅराबोलाच्या) आकाराची नसते, तिचा वक्र निराळा असतो, हे हायगेन्स, लायबनिझ आणि योहान बर्नुली यांनी १६९१ मध्ये दाखवले. त्याला कॅटेनरी म्हणतात. मात्र झोळ खांबांमधील अंतराच्या दहाव्या भागाइतका असेल, तर दोन्ही वक्रांतील तफावत झोळाच्या एक टक्क्याहूनही कमी भरते, आणि कॅमेरा जरा तिरका धरला तर होणारी चूक त्याहून मोठी असते. तेव्हा फोटोवर वाद घालण्यात अर्थ नाही. तापमानाने तार लांबते, म्हणून निफाडच्या कडाक्याच्या थंडीतील पहाट आणि एप्रिलमधली दुपार यांत त्याच तारेचे फोटो काढावेत. झोळ विरुद्ध तापमान असा आलेख मांडण्याची ती सुरुवात होईल.

कॅमेऱ्याच्या पडद्यावर एक तयार आलेख असतो, त्याकडे बहुतेक जण पाहतही नाहीत. आडव्या अक्षावर ० ते २५५ अशी उजेडाची पातळी आणि उभ्या अक्षावर त्या पातळीचे बिंदू किती, असा तो आयतालेख. गोदेवरच्या धुक्यात त्याला एकच अरुंद आणि उंच उंचवटा येतो. भर दुपारी काळाराम मंदिराच्या काळ्या दगडामागे लख्ख आकाश घेतले, तर दोन उंचवटे दोन टोकांना जातात आणि मधे दरी पडते.

मुद्दाम आलेख काढण्यासाठी फोटो वापरण्याची कल्पना नवी नाही. फ्रेंच शरीरशास्त्रज्ञ एत्येन-ज्यूल मारे याने १८८० च्या दशकात माणसाला काळा पोशाख घालून, हातापायांवर चमकदार पट्ट्या लावून काळ्या पडद्यासमोर चालायला लावले आणि एकाच काचेवर ठरावीक क्षणांनी अनेक चित्रे घेतली. माणूस नाहीसा झाला आणि चालण्याच्या रेषा तेवढ्या उरल्या.

आपल्या खिशातला फोन असे काहीसे न सांगता करतो. बहुतेक फोनचा संवेदक संपूर्ण चित्र एका क्षणात वाचत नाही, तो एकेक ओळ करत वरून खाली वाचत जातो. म्हणून धावत्या गाडीच्या खिडकीतून काढलेल्या फोटोत रुळालगतचे खांब कललेले दिसतात, आणि अशा फोटोत उभा अक्ष खरोखर काळाचा असतो. संपूर्ण चित्र वाचायला १/५० सेकंद लागतो असे धरू. गाडी ताशी ९० किलोमीटरने, म्हणजे सेकंदाला २५ मीटरने जात असेल, तर तेवढ्या वेळात ती अर्धा मीटर पुढे जाते. चौकटभर उंच दिसणाऱ्या खांबाचे वरचे आणि खालचे टोक फोटोत अर्धा मीटर सरकलेले असते. खांबाचा कल म्हणजे वेग. मनमाड ते नाशिक रोड या प्रवासात उलटे गणितही करता येते: विजेच्या खांबांवर किलोमीटरचे आकडे लिहिलेले असतात, त्यांवरून घड्याळ लावून गाडीचा वेग काढावा, खांबाच्या फोटोतला कल मीटरमध्ये मोजावा आणि त्याला वेगाने भागावे. मिळणारा आकडा आपल्या फोनला एक चित्र वाचायला लागणारा वेळ असतो. खांब चौकटीची पूर्ण उंची व्यापत नसेल, तर त्या प्रमाणात आकडा वाढवून घ्यावा लागतो.