स्नो बाईकचं किट निवडताना मी भलत्याच आकड्यांच्या मागे लागलो होतो

डर्ट बाईकचं पुढचं चाक काढून तिथे स्की लावायची, मागचं चाक ते धरणाऱ्या दांड्यासकट, म्हणजे स्विंगआर्मसकट उतरवून तिथे रबरी पट्ट्याचा ट्रॅक बसवायचा, झाली स्नो बाईक. ऐकायला इतकं सोपं वाटलं की दोन-चार संध्याकाळी बसून किट ठरवून टाकू, असा माझा हिशेब होता. त्यात तीन महिने गेले.

पहिला घोळ आकड्यांचा. 120, 129, 137. ट्रॅक इतके इंच जमिनीला टेकत असणार, असं मी धरूनच चाललो होतो. 137 इंच म्हणजे जवळजवळ साडेतीन मीटर, आणि एवढी लांब तर अख्खी बाईकही नसते, हे लक्षात यायला मला आठवडा लागला! तो आकडा पट्ट्याच्या पूर्ण घेराचा. टेकतो तो त्यातला एक भाग. पण घेर वाढला की टेकणारा भागही वाढतो, म्हणून खोल, भुसभुशीत बर्फात लांब ट्रॅक बाईकला वर तरंगत ठेवतो. त्याची किंमत इंजिन मोजतं. आखूड ट्रॅक चपळ वळतो, दाबलेल्या बर्फावर मजा आणतो आणि खोल बर्फात रुतून बसतो. ट्रॅकवरच्या उभ्या रबरी पॅडलांचंही तेच: उंच असतील तर मऊ बर्फ चांगला उपसतात, पण ताकद खातात. माझी बाईक 450 सीसीची फोर-स्ट्रोक, म्हणून निदान पर्याय तरी होते. 250 वाल्याने 137 च्या वाटेला जाऊ नये, असं माझं मत.

मग मी किट बनवणाऱ्या कंपन्यांची रीतसर वही घातली. अमेरिकेतल्या आयडाहोची टिंबरस्लेड, जी 2015 मध्ये पोलारिसने घेतली. कॅनडातली येटी, जिचा भर वजन कमी ठेवण्यावर. कॅमसोचं किट वापरलेलं मिळत होतं, पण ती कंपनी 2018 मध्ये मिशेलिनकडे गेलेली, तेव्हा सुटे भाग पुढे कितपत मिळतील याची धाकधूक. वजन, सस्पेन्शन, ट्रॅकची रुंदी असे रकानेच्या रकाने भरले. बर्फात आठ-दहा वर्षं काढलेल्या एका मित्राला ती वही मोठ्या अभिमानाने दाखवली. त्याने दोन पानं उलटली आणि विचारलं, "यात फिट-किटचा रकाना कुठाय?"

नव्हताच. ट्रॅकचा सांगाडा तुमच्या फ्रेमला जोडायचा तर स्विंगआर्मचा पिव्होट बोल्ट, त्याचे बुश, वरचा आधाराचा दांडा, पुढचं चाक धरणाऱ्या फोर्कमध्ये स्कीसाठी लागणारा अ‍ॅक्सल, हे सगळं तुमच्याच मॉडेलच्या आणि वर्षाच्या मापाचं लागतं. हा संच म्हणजे फिट-किट. तो वेगळा विकत घ्यावा लागतो, आणि तो नसेल तर ट्रॅक कितीही भारी असो, गॅरेजमध्ये पडून राहतो.

एवढं कळूनही मी फसलोच. वापरलेलं 129 चं किट फिट-किटसकट मिळालं. विकणारा म्हणाला, "तुमच्याच बाईकचं आहे." बाईकचं नाव तेच होतं, पण फिट-किट आधीच्या पिढीच्या फ्रेमचं निघालं. बोल्ट शिरता शिरेना. हातोडी उचलली होती, पण मित्राने हात धरला. नवं फिट-किट मागवलं, ते येईपर्यंत पहिला चांगला बर्फ पडून गेला.

बसवायला दोघांना एक दिवस पुरला. वेळ खाल्ला तो चेनने. इंजिनाच्या दातेरी चाकापासून, म्हणजे स्प्रॉकेटपासून, किटच्या आडव्या शाफ्टपर्यंत एक चेन, तिथून ट्रॅकच्या ड्राइव्हशाफ्टपर्यंत दुसरी. पहिली जरा जरी तिरकी राहिली तर स्प्रॉकेटचे दात झिजवायला लागते. आम्ही पट्टी लावून तीनदा सरळ केली.

ज्याचा मी विचारच केला नव्हता ती गोष्ट म्हणजे थंडी. बर्फात इंजिन तापण्याऐवजी नीट गरमच होईना. रेडिएटरवर सतत बर्फ उडतो, थंड हवा लागते, आणि तेलात पाण्याची वाफ साचून ते दुधाळ होतं. कूलंटच्या पाइपमध्ये थर्मोस्टॅट बसवला, रेडिएटरला आच्छादन घातलं, तेव्हा तापमान जागेवर आलं. एअर फिल्टरचा तेलात भिजवलेला फोमही काढावा लागला, कारण त्यावर बर्फ गोठून हवा अडते. उलट ट्रॅक ज्या प्लास्टिकच्या पट्ट्यांवरून सरकतो, त्यांना हाच बर्फ वंगण आणि गारवा देतो. कडक गोठलेल्या वाटेवर तो उडेनासा होतो आणि पट्ट्या वितळायला लागतात. त्यासाठी बर्फ खरवडणारे काटे मिळतात, तेही घेतले.

चालवणं पुन्हा पहिल्यापासून शिकलो. पुढची एकुलती एक स्की वाटेतल्या जुन्या चाकोऱ्यांत शिरते आणि स्वतःच दिशा ठरवते. हँडलशी झगडलं की पडायला होतं. अंग कलतं करून डोंगराच्या उतारावर आडवं जाताना मात्र जे सुख आहे, ते मला चाकांवर कधी मिळालेलं नाही.

बर्फ सरल्यावर चाकं परत चढवली. स्कीच्या वजनासाठी फोर्कमध्ये घातलेल्या कडक स्प्रिंगा बदलायच्या राहून गेल्यात, त्यामुळे सध्या प्रत्येक खड्डा थेट मनगटात येतो.