स्लॅबच्या आधीचे दोन दिवस

बांधकाम साइटवर प्रोजेक्ट मॅनेजरचं निम्मं काम काँक्रीट यायच्या आधीच झालेलं असावं लागतं. मिक्सर गेटवर उभा आणि इलेक्ट्रिकचे पाइप अजून टाकायचेत, हा प्रकार फार महाग पडतो. माल घट्ट व्हायला लागला की कोणीतरी त्यात पाणी ओततं आणि काँक्रीटची ताकद तिथेच जाते.

म्हणून दिवस उलटे मोजा. स्लॅब शनिवारी भरायचा, तर सळई गुरुवारी संध्याकाळी बांधून पूर्ण हवी. पाइप, प्लंबिंगच्या स्लीव्ह (पाइपसाठी ठेवलेल्या नळ्या), कव्हर ब्लॉक (सळई साच्यापासून वर ठेवणारे ठोकळे) आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरची तपासणी शुक्रवारी. तपासणीत चूक निघतेच, तिच्या दुरुस्तीला वेळ ठेवा.

पुढचं वेळापत्रक टेकूंवर, म्हणजे स्लॅबला खालून आधार देणाऱ्या खांबांवर, ठरतं. आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकानुसार ओपीसी (साधं पोर्टलँड) सिमेंट असेल तर ४.५ मीटरपर्यंतच्या गाळ्याच्या (दोन आधारांमधलं अंतर) स्लॅबचे टेकू किमान ७ दिवस, त्याहून मोठ्या गाळ्याच्या स्लॅबचे १४ आणि ६ मीटरवरच्या गाळ्याच्या बीमचे २१ दिवस ठेवायचे. पीपीसी (पोझोलाना मिसळलेल्या) सिमेंटला आणखी थांबावं लागतं. टेकूंचा एकच सेट आणून दर आठवड्याला स्लॅब भरू म्हणणाऱ्या ठेकेदाराला हे आकडे दाखवा. जादा टेकूंचा खर्च बजेटमध्ये सुरुवातीलाच धरा.

ताकद तपासायला ४० घनमीटर काँक्रीटला ४ नमुने घ्या, प्रत्येकी ३ क्यूब (चाचणीचे काँक्रीटचे ठोकळे). नेहमीच्या २८ दिवसांच्या निकालाबरोबर ७ दिवसांचाही हवा असेल तर जादा क्यूब त्याच दिवशी भरा.

आणि ठेकेदाराला ‘झालं का?’ विचारू नका, ‘काय राहिलंय?’ विचारा. पहिल्या प्रश्नाला उत्तर नेहमी ‘हो’ असतं.