डब्यावरचे दोन आकडे: एअर रायफलची पेलेट निवडताना

१० मीटर एअर रायफलसाठी पेलेट (शिशाच्या छोट्या गोळ्या) घेताना सगळे आधी कंपनी विचारतात. माझं लक्ष आता डब्यावरच्या दोन बारीक आकड्यांवर जातं, हेडचं, म्हणजे पेलेटच्या पुढच्या टोकाचं, माप आणि लॉट नंबर, म्हणजे एकत्र बनलेल्या मालाचा क्रमांक. मॅच पेलेट, म्हणजे स्पर्धेच्या पेलेट, ४.४९, ४.५०, ४.५१ मिमी अशा हेडमध्ये मिळतात. रायफलच्या पेलेटचं वजन तेच, साधारण ०.५३ ग्रॅम. तरी एका बॅरलला एकच माप मानवतं, आणि कोणतं ते मारून बघितल्याशिवाय कळत नाही.

टेस्टिंगसाठी रायफल घट्ट धरणारा क्लॅम्प ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये करून घेतला, जबड्यांना आतून चामडं. पकड स्टॉकवर, म्हणजे रायफलच्या दस्त्यावर ठेवायची. बॅरल किंवा हवेचं सिलिंडर आवळलं गेलं की ग्रुप (लागोपाठच्या शॉट्सच्या भोकांचा पुंजका) बिघडतो आणि दोष उगाच पेलेटवर जातो.

आधी फेल्टने (नमद्याच्या बोळ्याने) बॅरल साफ. नंतरच्या १५-२० पेलेट मोजायच्याच नाहीत, कारण शिशाचा थर बसेपर्यंत ग्रुप पसरट येतो. डबा बदलला की पुन्हा दहा सोडून द्यायच्या. मग प्रत्येक डब्याचे १०-१० पेलेटचे पाच ग्रुप, दर वेळी नवं कार्ड. व्हर्नियरने भोकाचं बाहेरून बाहेर माप घ्यायचं, त्यातून ४.५ मिमी वजा. एखादा ग्रुप सुरेख येतोच, त्यावर भाळू नये. मी पाचांतला सगळ्यात वाईट बघून डबा ठरवते.

एवढा खटाटोप कशाला? टार्गेटवर ०.२५ मिमी म्हणजे ०.१ गुण. ६० शॉट्सवर सरासरी तेवढंच हुकलं तरी ६ गुण जातात.

स्कर्टची, म्हणजे पेलेटच्या मागच्या पोकळ घेराची, कड उजेडात फिरवून बघा. शिसं मऊ, कड पातळ. डबा एकदा हातातून पडला की काही पेलेट चेपतातच. त्या सरावालाही नकोत. पावसाळ्यात घोडबंदरच्या दमट हवेत किटबॅगेतल्या डब्यात पांढरी भुकटी धरते, म्हणून आत सिलिका जेलची पुडी हवी. आणि खाण्याआधी हात साबणाने धुवायचे.

पसंत पडलेला लॉट एकदम घ्यावा. रोज ८० शॉट्स धरले तर ५०० चा डबा आठवडाभरही पुरत नाही. दुकानदाराला लॉट नंबर फोनवरच वाचून दाखवायला सांगा. हेड तेच पण लॉट वेगळा असेल, तर आधी एकच डबा आणून पुन्हा क्लॅम्पवर लावायचा.