एकोणतीस

दुपारी तीनच्या सुमाराला मी जमिनीवर उताणी पडलेली असते. उजव्या गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी. गुडघ्याने टॉवेल दाबायचा, मनात पाच अंक मोजायचे, सोडायचा. असं तीसदा. बघणाऱ्याला काहीच होताना दिसत नाही. घरात कुणी नवखं माणूस आलं, तर त्याला वाटतं बाईंना चक्कर आली.

काल तीसही झाले नव्हते आणि मी उठायला लागले. कोपर टेकलं तेव्हा लक्षात आलं, एक राहिला. हे काही पहिल्यांदा झालं नाही. मी नेहमी एकोणीसला थांबते, नाहीतर एकोणतीसला. दोष माझा नाही, आपल्या आकड्यांचा आहे. अठ्ठावीस कसा गुमान अठ्ठावीस असतो. एकोणतीस म्हणताना मात्र तोंडात तीस येऊन जातो. ‘तीसला एक उणा’ असं भाषा प्रामाणिकपणे सांगते, पण थकलेल्या मांडीला उणं ऐकूच येत नाही. ती तीस ऐकते आणि सुटते.

गुडघाही असाच गेला. चार वर्षांपूर्वी, ओळखीचा जिना, दिवे गेलेले. पायऱ्या संपल्या असं धरून मी सपाटीवर टाकावा तसा पाय टाकला आणि खाली अजून एक पायरी होती. कट् असा आवाज आला. संध्याकाळपर्यंत गुडघ्याची वाटी कुठे आहे तेही दिसेना, इतका तो सुजला. मेनिस्कस, म्हणजे सांध्यातली गादी, फाटली होती. कापायची गरज नाही, व्यायामाने भागेल, असं डॉक्टर म्हणाले. मला हायसं वाटलं. व्यायाम म्हणजे काय ते मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

फिजिओ एक चिमुरडी मुलगी होती. ती मला पहिल्याच वाक्यात काकू म्हणाली, ते मी अजून विसरलेले नाही. “काकू, मांडी आवळा.” आवळली. “नाही काकू, आवळा.” मी म्हटलं, आवळली आहे. तिने माझाच हात धरून आधी डाव्या मांडीवर ठेवला, मग उजव्या. डावी दगडासारखी घट्ट, उजवी पाण्याने भरलेली पिशवी. मी मनापासून हुकूम सोडत होते आणि पलीकडे कुणी उचलतच नव्हतं. गुडघ्यात पाणी झालं की शरीर मांडीचा तो मोठा स्नायू आपणहून मंद करून टाकतं, सांध्याला जपण्यासाठी. हे जपणं लांबलं की मांडी वाळते. तिने टेप लावली, उजवी मांडी अडीच सेंटिमीटरने कमी भरली.

तेव्हापासून हा टॉवेल.

गंमत म्हणजे तिने दुखऱ्या पायाइतकंच काम चांगल्या पायालाही दिलं. मला वाटलं, नुसता समानतेचा आग्रह. पण यात जुनं शहाणपण आहे. 1894 साली अमेरिकेत येल विद्यापीठात स्क्रिप्चर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने एकाच हाताला ताकदीचा सराव देऊन पाहिला, तर रिकाम्या बसलेल्या दुसऱ्या हाताचीही ताकद वाढली. स्नायूंपेक्षा आधी शिकतात त्या नसा, आणि त्यांचा कारभार दोन्ही बाजूंना थोडाथोडा झिरपतो. हे कळल्यापासून मी डाव्या पायाचे दाब जरा आदराने मोजते. धाकटा भाऊ अभ्यास करतोय आणि थोरला पास होतोय, असं काहीतरी ते आहे.

मोजण्याचा विषय निघालाच आहे तर मनगटावरच्या घड्याळाबद्दल बोलते. भेट मिळालेलं आहे, त्यामुळे टाकता येत नाही. त्याला रोज दहा हजार पावलं हवी असतात. हा आकडा कुठल्या डॉक्टरने ठरवला असेल असं मला इतके दिवस वाटायचं. तर तो 1965 मध्ये जपानात विकायला आलेल्या एका पावलं मोजणाऱ्या यंत्राच्या नावातला आहे. मानपो-केई, म्हणजेच दहा हजार पावलांचा मापक. टोकियोचं ऑलिंपिक आदल्याच वर्षी झालेलं, लोकांना चालायचा उत्साह, आणि दहा हजार हा आकडा कानाला गोल लागतो. गोल आकड्यापायी जगभर माणसं रात्री अकराला घरातल्या घरात फेऱ्या मारताहेत. माझे तीस दाब मात्र घड्याळाच्या खिजगणतीत नाहीत. हात हललाच नाही ना! वाईट दिवशी ते अकराशे पावलं दाखवून गप्प बसतं, आणि त्याच दिवशी मी सगळ्यात जास्त घाम गाळलेला असतो.

वाईट दिवस असतातच. आज किती झेपेल ते आज कळत नाही, ते उद्या सकाळी पलंगावरून पाय खाली सोडताना कळतं. रात्रीत ठणका उतरला तर कालचं बरोबर होतं, नाही उतरला तर कालचं जास्त झालं. मग आज वीस. म्हणजे एकोणीस.

माझ्याहून हट्टी माणसं आहेत. स्वीडनमधले हाडांचे एक डॉक्टर, हाकान आल्फ्रेडसन, यांची टाचेमागची जाड दोरी, अकिलीस टेंडन, महिनोन्‌महिने दुखत होती. वरिष्ठ शस्त्रक्रिया करायला तयार नव्हते. यांनी ठरवलं, इतका ताण द्यायचा की ती तुटलीच पाहिजे, मग झक मारत शिवतील. पायरीच्या कडेला चवडे ठेवून दुखरी टाच सावकाश खाली सोडायची, पुन्हापुन्हा. तुटली नाही. बरी झाली. त्याचंच पुढे त्यांनी 1998 मध्ये रीतसर पथ्य छापलं: दिवसाला 180 वेळा, 12 आठवडे, रोज. मला त्यांच्या टाचेपेक्षा एकशे ऐंशीचं कौतुक वाटतं. स्वीडिश भाषेत एकोणऐंशीची भानगड नसावी बहुतेक.

आमचे बाबा बैठका मारायचे. शंभर. रोज पहाटे, मधल्या खोलीच्या कोपऱ्यात, मोठ्याने मोजत. आम्हा भावंडांना जाग यायची ती साधारण चाळिशीला. पांघरुणात पडून आम्ही त्यांच्या आवाजावरून ओळखायचो की आज माणूस खुशीत आहे की कालचं काही डोक्यात आहे. शंभराच्या आधी ‘नव्व्याण्णव’ असं ते जोरात म्हणत. तिथे एकोण नाही, उसनवारी नाही, नव्व्याण्णव स्वतःच्या पायावर उभा. मग एक लांब सुस्कारा.

एकदा वजन उचलताना त्यांच्या पाठीत उसण भरली, ती साधी निघाली नाही. मणक्यातली चकती सरकली होती. दोन महिने अंथरुणात. बैठका कायमच्या बंद. त्यानंतरच्या एका पहाटे पुन्हा आवाज आला, एक, दोन, तीन. मी धावत जाऊन दारातून पाहिलं. बाबा त्याच कोपऱ्यात भिंतीला टेकून उभे होते आणि नुसती मनगटं फिरवत होते. शंभरपर्यंत. मी मोठ्याने हसले. त्यांनी वळून पाहिलं, पण मोजणं थांबवलं नाही. मी दहा वर्षांची होते, एवढीच माझी बाजू.

मनगटं मग बरीच वर्षं चालली. पुढे मान, पुढे खुर्चीत बसून टाचा उचलणं. काय फिरवायचं ते बदलत गेलं, आकडा तोच. भिंतीवर त्यांची पाठ टेकायची तिथे रंग काळपट झाला होता. घर रंगवलं तेव्हा बाबांनी तो कोपरा आधी रंगवून घेतला. लाज वाटली असावी, किंवा नसावीही. विचारायचं राहिलं.

शेवटच्या आजारपणात ते पलंगाला खिळले होते. पाय हलवत ठेवा, रक्ताची गुठळी होऊ देऊ नका, असं डॉक्टर सांगून गेले होते. दुपारी मी उशाशी बसले होते. बोलणं जवळजवळ संपलेलं. पांघरुणाखाली पायांच्या टोकाशी काहीतरी वरखाली होत होतं. चवडा पुढे, चवडा मागे. ओठही अगदी बारीक हलत होते.

“बाबा, मोजताय का?”

त्यांनी डोळे उघडले नाहीत. “एकाहत्तर,” म्हणाले. “बोलू नकोस, चुकेल.”